सासूबाईंचा जवाब

घरी कोणी नवीन माणूस आलं की पहिल्या चहालाच मी सांगून टाकते : आमच्या घरातलं माणूस परदेशात टेलिव्हिजनवर दिसलेलं आहे. तेही केव्हा, तर अख्ख्या अकोल्यात टेलिव्हिजन नावाची वस्तू कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती तेव्हा. मुलं म्हणतात, आई, पुरे आता, किती वेळा सांगशील? का म्हणून पुरे? ज्यांच्या घरचं कोणी दिसलं नाही त्यांनी खुशाल गप्प बसावं. मी सांगणार.

माझं माहेर अमरावतीचं, भिक्षुकाचं घर. सासर अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. यजमान कोर्टात वकील, मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि सवड मिळेल तेव्हा आम्ही दोघं नकला करायचो. हो, नकला. वकील आणि मास्तरणीनं स्टेजवर उभं राहून लोकांना हसवावं हे तेव्हा पुष्कळांना रुचत नसे. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या तर मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "तुमची भाषा ऐकली की भांडण चाललंय असं वाटतं, आणि तुम्ही विनोद करता?" मी म्हटलं, बाई, आमच्याकडे दोन्ही एकाच दमात होतं.

आमच्यात तिसरे होते ते दर्यापूरकडचे एक शेतकरी. बांधाच्या भांडणाची केस घेऊन यजमानांकडे आले, केस संपली, पण येणं काही संपलं नाही. मी त्यांना भाऊजी म्हणायची. उंच, धिप्पाड, मिशी अशी की दारातून आधी ती आत येई. आणि हे गृहस्थ बाईचं काम करायचे! मी मंडळीत आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता खरी बाई आली, भाऊजींचं लुगडं सुटणार. पण ते कसले सोडतात. म्हणाले, "वैनी, सासू तुमी व्हा. सून मीच राह्यतो. या मिशीवरून पदर घेतला का लोकं पोट धरून हासते, ते तुमच्यानं होनार हाय का?" मी सासू झाले, भाऊजी सून, आणि दोघींच्या मधे चेंगरणारा मुलगा म्हणजे यजमान. ते काम त्यांना शिकवावं लागलं नाही.

आमचं काहीच लिहिलेलं नसे. रीत अशी की नक्कल करायची ती खऱ्या, जित्याजागत्या, पाहण्यातल्या माणसाची. आणि ज्याची नक्कल केली तो माणूस समोर लोकांत बसलेला असला, तर खेळ संपल्यावर त्याला जवाब द्यायचा हक्क. त्यानं स्टेजवर यायचं, आमचं काय चुकलं ते सगळ्यांदेखत सांगायचं, आम्ही खाली मान घालून ऐकायचं आणि शेवटी त्याच्या हातात नारळ द्यायचा. चांदूर रेल्वेला आम्ही तिथल्या एका डॉक्टरांची नक्कल केली. पायाला खिळा लागलेला माणूस आला तरी ते आधी जीभ दाखवा म्हणायचे. खेळ झाल्यावर डॉक्टर तरातरा वर चढले. आम्हाला वाटलं, आता शिव्या. त्यांनी भाऊजींना उभं केलं आणि म्हणाले, "तुमचं चुकलं. मी आधी चष्मा पुसतो, मग जीभ बघतो. काढा जीभ!" भाऊजींनी सगळ्यांसमोर जीभ काढली. मांडव नुसता गदगदत होता. डॉक्टर नारळ घेऊन असे खाली उतरले की जणू त्यांचाच सत्कार होता. तेव्हापासून लोक खेळ बघायला येत ते अर्धे नकलेसाठी आणि अर्धे जवाबासाठी.

आता मी जी सासू करायची ती कोणाची नक्कल होती, हे सांगायला नकोच. आमच्याच सासूबाईंची.

सासरे जाऊन काही वर्षं झाली होती. बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो होता, काळा कोट, डोक्याला पगडी. सासूबाईंना माझ्याबद्दल काही म्हणायचं असलं तर त्या मला कधीच म्हणत नसत. पदर सावरून फोटोकडे वळायच्या आणि त्यांना सांगायच्या. "ऐकलं का? तुमची सून आज शाळेतून घरी आली तं दिवे लागले होते. पायलं का? वरनात मीठ नाही. तुमी असते तं जेवले असते काय?" मी तिथेच उभी! फोटो बिचारा काय बोलणार. मला असा राग यायचा की काय सांगू. माणसानं माणसाला तोंडावर बोलावं, मेलेल्या माणसाकडे रोज तक्रार काय नेऊन घालायची? मग एकदा तालमीत रागाच्या भरात मी तेच करून दाखवलं. कंबरेला किल्ल्या, चिमटीत तपकीर, भिंतीकडे वळून एक ओढली आणि म्हटलं, "ऐकलं का?" भाऊजी हसून हसून खाली बसले. यजमान हसले नाहीत आधी. मग तेही हसले.

सासूबाईंना विचारलं होतं का? छे. विचारायचं कारणच नव्हतं, कारण त्या खेळाला कधी येतच नसत. सासऱ्यांना नाटकाचा भारी नाद. तंबूतलं एक नाटक त्यांनी सोडलं नव्हतं आणि सासूबाईंना घेतल्याशिवाय कधी गेले नव्हते. ते गेले आणि यांचं नाटक बंद झालं. यजमानांनी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "घरी आल्यावर ते मले विचारत, कसं झालं? मी सांगत होती. आता पाहून आली तं कोनाले सांगू?" पुन्हा विषय काढला नाही कोणी.

म्हणून फोटोच्या चौकटीशी बोलणारी माझी सासू अमरावतीला गाजली, दर्यापूरला गाजली, आणि आमच्या घरात तिचा पत्ता नव्हता.

मग एका वर्षी, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यासमोर रांगेनं उभ्या असतात त्या दिवसांत, परदेशातली दोन माणसं अकोल्यात आली. त्यांच्या देशात टेलिव्हिजन होता. टेलिव्हिजन म्हणजे काय, तर रेडिओत माणसं दिसतात, एवढंच आम्हाला कळलं. वऱ्हाडातला कापूस त्यांना आपल्या लोकांना दाखवायचा होता. कापूस दाखवून झाल्यावर त्यांच्या मनात आलं की हा कापूस पिकवणारे लोक हसतात कशाला, तेही दाखवावं. जिनिंगच्या मालकांनी आमचं नाव सुचवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शाळेत मी त्या दिवशी सगळ्या वर्गांना न विचारता सुट्टी दिली असती.

पण त्या दोघांबरोबर मुंबईहून एक सरकारी साहेब आलेले होते. माणूस सज्जन, कपड्याला एक सुरकुती नाही. त्यांनी आमचा खेळ पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "हे परदेशी लोकांना दाखवायचं? त्यांना कळेल तरी का? इंग्रजीत करा. आणि तो फोटो काढून टाका. मेलेल्या माणसाशी बोलतात म्हटल्यावर ते आपल्याला काय समजतील?"

मी भांडले. यजमानांनी मला कोपराने ढोसलं, कारण परवानगी साहेबांच्या हातात होती. शेवटी इंग्रजी ठरलं. यजमानांचं इंग्रजी कोर्टातलं, माझं शाळेतलं, आणि भाऊजींना एक शब्द येत नव्हता, म्हणून सुनेनं नुसती मान हलवायची. आता आठवलं की हसू येतं. अहो, वऱ्हाडी सासू सुनेला इंग्रजीतून टोमणे मारते आहे, आणि ते व्याकरण सांभाळून! पण आम्ही मनापासून पाठ केलं हो. समुद्रापलीकडच्या माणसाला आपलं कळावं म्हणून जीव तोडून केलं.

खेळ जिनिंगच्या आवारात, दुपारी, कारण त्यांच्या चित्रं टिपायच्या यंत्राला उजेड लागत होता. मागे कापसाचा ढीग, पुढे बाकं. साहेबांनी एक गोष्ट मात्र आपल्या मनानं केली. पाहुण्यांना बघणारे लोकही टिपायचे होते, तेव्हा पुढच्या रांगेत नऊवारीतल्या वयस्कर बाया शोभून दिसतील असं त्यांना वाटलं. म्हणून ते स्वतः जुन्या शहरात गल्लीगल्लीतून फिरले आणि हात जोडून बायांना बोलावून आले. सरकारी माणूस दारात येऊन हात जोडतो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मी कंबरेला किल्ल्या खोचून बाहेर डोकावले, आणि पुढच्या रांगेत मधोमध आमच्या सासूबाई.

यजमानांना दाखवलं तर ते झटकन माझ्या मागे सरकले. मग माझ्या लक्षात आलं, अगं, आज इंग्रजी आहे आणि फोटो काढलेला आहे. त्यांना काही कळणार नाही. इतके दिवस त्या साहेबाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

खेळ सुरू झाला. मी एक वाक्य बोलले. शांतता. यजमानांनी उत्तर दिलं. शांतता. आमचे लोक, जे भाऊजींची मिशी दिसताच खिदळायचे, ते आज शाळेच्या तपासणीला बसल्यासारखे बसलेले. कोणीतरी खोकलं. आणि आम्हाला हसू आल्याशिवाय पुढचं वाक्य टाकायची सवयच नाही! आम्ही तिघं थांबायचो, हसू यायचं नाही, मग तसंच पुढे जायचो. मी त्या यंत्रामागच्या परदेशी माणसाकडे पाहिलं. त्यानं यंत्रावरचा डोळा काढला होता आणि तो कापसाच्या ढिगाकडे बघत होता. त्याचा जोडीदार सामानाची पेटी उघडत होता.

म्हणजे संपलं. वऱ्हाडातले लोक कशाला हसतात हे त्या देशाला दिसणार होतं, आणि दिसणार होतं ते हे, मढं पडल्यासारखं. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, संताप आला.

तेवढ्यात घुंगटाच्या आतून मिशी पुटपुटली, "वैनी, फोटो मागंच हाय. म्या आनला हाय सवयीनं. वळा."

मागे वळून पाहिलं. खेळात वापरायची रिकामी लाकडी चौकट भाऊजींनी खरंच खांबाला टांगून ठेवली होती. आणि पुढे बघितलं तर सासूबाई, मांडीवर हात ठेवून बसलेल्या.

सांगायला सोपं वाटतं. वळावं, तर गल्लीतल्या दहा बायांच्या देखत मी त्यांच्या एकटीची गोष्ट चव्हाट्यावर मांडणार. घरी त्या कोणत्या खोलीत, कोणाशी, कसं बोलतात ते. त्यानंतर त्या घरात माझं आणि त्यांचं काय राहणार? आणि न वळावं तर ते दोघं पेटीत सामान भरून निघालेलेच होते.

मी चिमटीत तपकीर घेतली, चौकटीकडे वळले, ओढली आणि कडाडून म्हटलं, "ऐकलं का? पायलं का तुमची सून? कवाची मान हालवून राहिली, तोंडातून शब्द नाही! कावून, तं म्हने इंग्रजी चालू हाय!"

अहो, आवार फुटलं! मागचे गाडीवान गाड्यांवर उभे राहिले. भाऊजींनी पदर वर करून मिशीसकट गळा काढला, "मामंजी, तुमीच सांगा आता माह्यी काही चूक हाय का!" यजमान दोघींच्या मधे सापडले आणि घरी करतात तशीच हातांची उघडझाप करू लागले. तो परदेशी माणूस धावत यंत्राला भिडला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं आणि त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. मी कितीतरी खेळ केले, पण तसा खेळ पुन्हा झाला नाही. खरं सांगते, मला त्या वेळी भीती उरलीच नव्हती.

खेळ संपला आणि भीती परत आली. कारण गल्लीतल्या बाया एकेक करून सासूबाईंकडे वळून पाहू लागल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "जवाब!" आणि सगळं आवार ओरडू लागलं. जवाब, जवाब. साहेब घाबरून विचारताहेत, "आता हे काय?" सासूबाई उठल्या. पायऱ्या चढून वर आल्या. यंत्र त्यांच्या मागोमाग वळलं. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या.

"तपकीर चुकली," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत. "मालकाच्या समोर म्या जलमात तपकीर ओढली नाही. आधी ओढायची, नाक पुसायचं, मंग त्यायच्याकडं वळायचं."

लोक हसले.

"आन् पदर कुठी हाय? उघड्या डोक्शानं बोलतेस त्यायच्याशी?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं माझा पदर ओढून डोक्यावर घातला. चांगला खसकन ओढला. पुन्हा हशा.

भाऊजी हात जोडून म्हणाले, "आई, आता तुमीच करून दाखवा ना."

सासूबाई चौकटीजवळ गेल्या. आतून बाहेरून पाहिली. "यात कोन हाय?"

"कोनी नाही, आई. रिकामी हाय."

"मंग कोनाशी बोलू? मी काय येडी हाय का रिकाम्या लाकडाशी बोलाले?"

त्या दुपारचा सगळ्यात मोठा हशा हा. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं, सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि खाली उतरल्या. परदेशी माणसानं डोळे पुसत साहेबांना विचारलं, बाई काय म्हणाल्या? साहेबांनी त्याला सांगितलं. तो हसायचा थांबला. मग त्यानं मान लववली, सासूबाईंच्या दिशेनं, आणि मघाशी कापसाच्या ढिगाकडे बघितल्याबद्दल त्या माणसाला मी तेव्हाच माफ केलं.

पुढे काही महिन्यांनी ते साहेब कामानिमित्त अकोल्याला आले, मुद्दाम घरी आले. त्या देशात ते दाखवलं गेलं होतं. कापसाच्या गाड्या, गाठी, मग आमचे तिघांचे चेहरे डोळा मिटून उघडेपर्यंत, इंग्रजीचा एक शब्द नाही, आणि मग सगळा वेळ सासूबाई. तिकडच्या म्हाताऱ्या बाया म्हणे घराघरांत हसल्या आणि पुन्हा दाखवा म्हणाल्या. मी पुरावा मागितला नाही. मला तो लागत नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच की सांगायचं. टांग्यात आम्ही तिघं. सासूबाईंच्या मांडीवर नारळ. मोर्णेचा पूल आला, गेला, त्या नारळाची शेंडी नीट करत बसल्या. यजमान घोड्याच्या पाठीकडे बघत बसलेले. बोला हो काहीतरी, असं मी खुणेनं म्हटलं तर त्यांनी आणखी मान फिरवली. मी मनात ठरवून टाकलं होतं की त्या जे म्हणतील ते ऐकून घ्यायचं, पण माफी मागायची नाही. मी काही वाईट केलं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

घरी आलो. त्यांनी हातपाय धुतले. मी स्वयंपाकघरात चूल पेटवायला बसले आणि कान बैठकीकडे. त्यांनी तपकीर ओढल्याचा आवाज आला. मग नाक पुसल्याचा. मग फोटोपुढे नारळ ठेवल्याचा.

"ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "आज नाटक पाहून आली. तुमी गेल्यावर पयलंच." नारळ जरा सरकवल्याचा आवाज आला. "तुमची सून माही नक्कल करते. साऱ्या गावासमोर, सायबाच्या यंत्रासमोर. तपकीर चुकली तिची, म्या सांगतलं. बाकी काय सांगू तुमाले. मीच उभी होती तिथं. लय हासले लोकं. तुमी पायजे होते."

इतक्या वर्षांत त्या फोटोकडे माझी तक्रारच गेली होती. मिठाची, दिव्याची, उशिराची. माझ्या हातातली फुंकणी तशीच राहिली आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेला असं मी पुढे यजमानांना सांगितलं.

त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उठले. मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, स्टेजवरचं सोडलं तर, त्या मला सरळ माझ्याच तोंडावर बोलल्या.

"पुढचा खेळ कुठी हाय?"

"दर्यापूरला, आई."

"मले घेऊन चाल," त्या म्हणाल्या. "मले घरी येऊन त्यायले सांगा लागते, कसं झालं ते."